गैरहजर माणसाचं मत

माझ्या सासऱ्यांचा स्वतःचा एक देश होता. कुणाचं शेत असतं, कुणाचा टेंपो असतो, तसा यांचा देश. लग्न होऊन मी कर्जतहून या घरात आले, त्याच आठवड्यात शनिवारी संध्याकाळी त्यांनी मला पडवीत बोलावलं आणि अगदी सरळ चेहऱ्यानं विचारलं, "सूनबाई, तुमच्या माहेरी नळाला पानी कसं येतं?" मी म्हटलं, आमचं घर पाइपलाइनच्या शेवटाला आहे, त्यामुळे बहुतेक वेळा येतच नाही. ते एकदम खूश झाले. माझ्या नवऱ्याकडे, संदीपकडे वळून म्हणाले, "बग रं, घरबसल्या पानीमंत्री मिळाला." मला वाटलं, सासरे माझी थट्टा करताहेत. पण संदीप हसला नाही, आणि मग मीही पदर सावरून गंभीर झाले.

सासऱ्यांना आमच्याकडे मामा म्हणतात आणि सासूबाईंना आत्या. गाव मात्र मामांना 'सरकार' म्हणायचं, आणि त्यात मानापेक्षा चेष्टाच जास्त असायची. "सरकार, आज काय कायदा झाला तुमच्या देशात?" असं दुकानात कुणी विचारलं, की मामा जराही न रागावता सगळं समजावून सांगायचे. रसायनीच्या एका कारखान्यात उभा जन्म पाळ्या करून ते निवृत्त झाले होते, शिवाय घरची भातशेती होती, तेव्हा रिकामटेकडा म्हणावा असा माणूस नव्हता. पण शनिवारी दिवेलागणीला पडवीत चटई पडायची आणि देशाचं कामकाज सुरू व्हायचं. नागरिक म्हणजे मामा, आत्या, आम्ही दोघं आणि शेजारचे गणपतकाका. मामा जाऊन आता दोन वर्षं होतील. अजूनही शनिवारी दिवे लागले की मला पडवीत चटई झटकल्याचा आवाज येतो. मी भित्री बाई नाही, पण उठून बघायला जाते हे खरं आहे.

मामांच्या देशात मंत्री निवडायची रीत वेगळी होती. ज्याच्या नळाला सगळ्यात शेवटी पाणी, तो पाणीमंत्री. ज्याच्या घरातली लाइट सगळ्यात आधी जाते आणि सगळ्यात उशिरा येते, तो वीजमंत्री. खालापूरची शेवटची एसटी ज्याची हमखास चुकते, तो वाहतूक सांभाळणार. "ज्याचं दुखतं त्यालाच ठावं कुठं दुखतं," मामा म्हणायचे, "बाकीचे निसते हात फिरवतात." राजधानी कुठे ठेवायची यावर संदीपनं एकदा मुद्दाम माथेरान सुचवलं, हवा चांगली म्हणून. मामांनी ते हाणून पाडलं. ज्या गावचा रस्ता सगळ्यात वाईट, ती राजधानी, आणि रस्ता सुधारला की राजधानी पुढच्या वाईट गावात हलवायची. मी म्हटलं, मग आपल्या तालुक्यात राजधानीला बरीच वर्षं मुक्काम पडेल. गणपतकाका सहसा कधी हसायचे नाहीत, त्या दिवशी हसले.

कायदा लिहायचा नाही, असाही एक दंडक होता. लिहिला की तो समजून घ्यायला वकील लागतो आणि वकील आला की कायदा त्याचा होतो, असं मामांचं म्हणणं. कायदा तोंडी सांगायचा आणि तो आत्यांना कळायला हवा. आत्या चुलीपुढे तांदळाची भाकरी थापत असायच्या. मामा दारातून कायदा सांगायचे, आणि भाकरी तव्यावरून उतरेपर्यंत तो आत्यांच्या डोक्यात शिरला नाही तर नापास. "परत आना नीट करून," आत्या म्हणायच्या, आणि मामा निमूट परत चटईवर यायचे. शिक्षेबद्दलचा कायदा तर आत्यांनी इतक्या वेळा परत पाठवला, की शेवटी तुरुंगाचा नादच सोडून द्यावा लागला. मी पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली, पण बायकोकडून कायदा तपासून घेणारं सरकार मी या एका पडवीतच पाहिलं.

गंमत म्हणजे गाव ज्यांना सरकार म्हणायचं, त्या मामांना देशात कसलंच पद नव्हतं. अध्यक्ष म्हणाल तर आत्या. न्यायाचं खातं कधी संदीपकडे, कधी काकांकडे. मामा चटई अंथरायचे, तांब्या भरून ठेवायचे, कंदील हवा तेव्हा कंदील आणि पंखा हवा तेव्हा पंखा लावायचे. नवी नवी असताना मी एकदा म्हटलं, "मामा, तुम्हीच न्यायाधीश व्हा की. तुमचं सगळे ऐकतात." त्यांनी कानाला हात लावला. "त्या खुर्चीवर बसायला मला आपल्या देशात बंदी हाय," म्हणाले. कुणी घातली बंदी, असं मी हसत विचारलं. "मीच," एवढं बोलून ते तांब्या भरायला आत गेले.

खुर्ची होती, पण ती वेगळीच. आम्ही सगळे चटईवर बसायचो आणि भिंतीला लागून एक निळी प्लास्टिकची खुर्ची मांडलेली असायची. पहिल्याच शनिवारी मी तिच्यावर बसायला गेले, तर आत्यांनी माझा दंड असा धरला की बांगडी रुतली. ती खुर्ची गैरहजर माणसाची होती. मामांच्या देशाचा तो पहिला कायदा, बाकी सगळे त्याच्यानंतर झाले. जो इथं नाही त्याला विचारल्याशिवाय कुठलीही गोष्ट ठरवायची नाही. आमचं बोलणं संपलं, हात वर करायची वेळ आली की मामा खुर्चीकडे तोंड करून बसायचे आणि अदबीनं विचारायचे, "तुमचं काय म्हननं?" मग आम्ही सगळे गप्प बसायचो. लांबून एक्सप्रेसवेवरच्या ट्रकांची घरघर यायची, कौलात पाल चुकचुकायची, आणि मामा त्या निळ्या खुर्चीकडे बघत राहायचे.

पहिल्या पहिल्यांदा मला त्या वेळी हसू आवरायचं नाही. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत बसायचे. पुढे हसू गेलं आणि तिथे काय आलं ते मला नीट सांगता येत नाही. एवढंच सांगते, की काही महिन्यांनी मी त्या खुर्चीकडे पाठ करून बसणं सोडलं. एकदा एका कायद्याला आमचे सगळ्यांचे हात वर झाले होते. मामांनी खुर्चीला विचारलं, वाट पाहिली, आणि मान हलवून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. त्यांना पटलं नाय." नंतर मी अंगणात त्यांना गाठलं. म्हटलं, मामा, कसं कळलं हो तुम्हाला? त्यांनी मला वेड्यात काढलं नाही की चिडले नाहीत. "गप ऱ्हान्यात फरक असतो गं," म्हणाले. "पटलेला मानूस गप बसतो ते येगळं. न पटलेला बसतो ते येगळं." त्या रात्री मला झोप लागली नाही.

खुर्ची कुणाची, हे मला घरात कुणी सांगितलं नव्हतं. मला एक थोरले दीर आहेत आणि ते घर सोडून गेलेत, एवढंच लग्न ठरताना कानावर आलं होतं. त्यांचं नाव या घरात कुणी घेत नसे. आत्या 'थोरला' म्हणायच्या, तेही चुकून. मग एका दुपारी तांदूळ निवडता निवडता आत्यांनीच सगळं सांगितलं. सुपातून नजर वर केली नाही.

मामा तेव्हा गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष होते. बांधाबांधाची भांडणं मिटवण्यात त्यांचा हातखंडा, नाव झालेलं. थोरला माथेरानला एका हॉटेलात कामाला होता, सुटी मिळाली की शेतावर यायचा. भात पोटरीला आलं होतं आणि पाऊस ओढ धरून बसला होता, म्हणजे खाचरातल्या ओंजळभर पाण्यालाही मोल होतं. एका सकाळी गणपतकाकांच्या खाचरातलं पाणी रातोरात उतरलेलं दिसलं आणि आमच्या खाचरात मात्र पाणी होतं. मधला बांध फुटलेला. आदल्या संध्याकाळी थोरला त्या बांधावर फावडं घेऊन उभा असलेला चारजणांनी पाहिला होता आणि पहाटेच तो माथेरानला निघून गेला होता. काकांनी आरडाओरडा केला. देवळात बैठक बसली. कुणीतरी म्हणालं, पोराला येऊ दे, मग बघू. पण मामा ऐकेनात. "आपल्या पोराला पाठीशी घातलं आसं कुनी म्हनाय नको," म्हणाले, आणि त्याच बैठकीत निकाल दिला. बांध थोरल्यानं फोडला, त्यानं देवळापुढे काकांच्या पाया पडायचं आणि बांध घालून द्यायचा. सगळ्या गावानं मामांची वाहवा केली. स्वतःच्या मुलाला सोडलं नाही म्हणून.

पुढच्या सुटीला थोरला आला, त्याला हे सगळं फाट्यावर चहाच्या टपरीत कळलं. घरी आला, पायातल्या चपलाही काढल्या नाहीत. "बाबा, मला इचारलं पन नाय?" एवढंच बोलला आणि आला तसा मागे फिरला. आत्या ताट वाढून मागे धावल्या, तोवर तो फाट्यावर पोचला होता. हॉटेलातलं कामही त्यानं सोडलं होतं. पुढे भात कापल्यावर काका बांध घालायला गेले, तेव्हा आत हातभर लांबीचं खेकड्याचं बीळ निघालं. बांध आतून पोखरला होता आणि पाणी तिथून गेलं होतं. या भागात हे लहान मुलालाही ठाऊक आहे, की पाणी उतरलं तर आधी खेकड्याचं बीळ शोधायचं. त्या दिवशी ते एकालाही सुचलं नाही. "सगळे न्याय करन्यात गुतलेले," आत्या म्हणाल्या, आणि तांदूळ पाखडायला उठल्या.

मामांनी समितीचा राजीनामा दिला. पोलिसांत तक्रार झाली, पुणे झालं, नाशिक झालं, कुणी म्हणालं गुजरातेत दिसला म्हणून तिकडेही जाऊन आले. थोरला मिळाला नाही. मग केव्हातरी एका शनिवारी मामांनी पडवीत चटई टाकली आणि भिंतीशी खुर्ची मांडली. गणपतकाका आपणहून येऊन बसायला लागले. दोघं एकमेकांशी त्या विषयावर कधीही बोलले नाहीत, असं आत्या सांगायच्या, आणि मीही ते कधी ऐकलं नाही.

आता खरं अडचणीचं सांगते. घराची जागा आणि शेत आजेसासऱ्यांनी दोन्ही नातवांच्या नावावर करून ठेवलं होतं. आमच्या घराची मागची भिंत दर पावसाळ्यात फुगायची. संदीप कर्जासाठी बँकेत गेला की तिथले लोक विचारायचे, भावाची सही कुठे? भाऊ नाही म्हटलं तर ते म्हणायचे, मग कोर्टातून तसं लिहून आणा. सात वर्षं माणसाची काही खबर नसेल तर कोर्ट त्याला मेलेला धरतं. सात होऊन वर किती गेली होती. पण त्यासाठी बापानं कोर्टात उभं राहून सांगावं लागणार होतं, की माझ्या मुलाची काहीएक खबर नाही. संदीपनं विषय काढला की मामा म्हणायचे, "त्यांना इचारू," आणि शनिवारी विचारायचे, आणि शनिवारी कधीच काही ठरायचं नाही.

एका जुलैत ती भिंत पडली. भरदुपारी, आमच्या मुलीच्या पाळण्यावर. ती तेव्हा आत्यांच्या मांडीवर न्हात होती, म्हणून आज आहे. त्या शनिवारी मामांनी नेहमीप्रमाणे खुर्चीकडे तोंड केलं आणि संदीप चटईवरून उठला. माझा नवरा आवाज चढवणारा माणूस नाही. "मी हाय ना इथं!" तो ओरडला. "मी रोज हजर ऱ्हातो, बाबा. तो गेला म्हनून तुमी त्याला इचारता. मी गेलो नाय म्हनून मला कोन इचारत नाय. जाऊ का मी पन?" मागे पडलेल्या भिंतीच्या जागी ताडपत्री फडफडत होती. गणपतकाका चपला घालून निघून गेले.

पुढच्या शनिवारी मामांनी चटई टाकली, आत्यांना चुलीपाशी जाऊन नवा कायदा सांगितला, 'हजर असलेल्यालाबी इचारायचं', आणि आत्यांनी भाकरी उलटायच्या आधी पास केला. मग मामा बाहेर आले, संदीपच्या समोर मांडी घालून बसले आणि खुर्चीला विचारायचे त्याच आवाजात, त्याच अदबीनं म्हणाले, "तुमचं काय म्हननं?" बापानं पोराला 'तुमी' म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. संदीप नुसता रडत राहिला. मामांनी त्याचं रडणं संपेपर्यंत वाट पाहिली. मग खुर्चीकडे एकवार बघून म्हणाले, "खालापूरला जाऊ."

कोर्टाच्या तारखा पडत गेल्या, पेपरात नोटीस दिली गेली आणि एकदाचा मामांच्या साक्षीचा दिवस आला. आम्ही सगळे गेलो होतो. कोर्ट रस्त्याला लागून, गाड्यांचा आवाज आत येतो. न्यायाधीश तरुण बाई होत्या, माझ्याच वयाच्या. वकिलांनी मामांना सगळं पढवून ठेवलं होतं, प्रश्न एकच आणि उत्तर एकच. मामा धुतलेला सदरा घालून पिंजऱ्यात उभे राहिले. वकिलांनी विचारलं, "तुमच्या थोरल्या मुलाबद्दल गेल्या सात वर्षांत तुम्हाला किंवा घरातल्या कुणाला काही समजलं आहे का?"

मामा कठड्याला धरून उभे. वकिलांनी प्रश्न पुन्हा विचारला. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "आजोबा, माहीत असेल ते सांगा. घाबरू नका."

"बाईसाहेब, सांगतो," मामा म्हणाले. "त्याच्या आधी येकदा त्याचं नाव पुकारा."

वकील पुढे आले. नोटीस पेपरात रीतसर दिली आहे, कुणीही हजर झालेलं नाही, असं काहीतरी भराभर सांगू लागले. मामा त्यांच्याकडे बघतही नव्हते. "पेपर त्यानं वाचला का नाय कुनाला ठावं," ते म्हणाले. "बाहेर सगळ्यांची नावं पुकारतात. त्याचं पुकारलंच नाय. येकदा न इचारता निकाल झाला हाय त्याचा, बाईसाहेब. परत नगं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मामांकडे बघितलं आणि दाराशी उभ्या असलेल्या पट्टेवाल्याला मान हलवून खूण केली. तो व्हरांड्यात गेला. "दिनेश नामदेव, हाजिर आहे का?" त्यानं पुकारा केला.

त्या घरात इतकी वर्षं राहून ते नाव असं मोठ्यानं मी पहिल्यांदा ऐकलं. माझ्या शेजारी आत्यांनी पदर तोंडावर घट्ट धरला. दुसऱ्यांदा पुकारा झाला, तेव्हा व्हरांड्यातल्या बाकावरचा एक उंच माणूस उठून उभा राहिला. आमच्याकडे त्याची पाठ होती. थोरल्या दिरांना मी जन्मात पाहिलेलं नाही, पण त्या क्षणी मला खात्री होती, की तो वळणार आणि त्याचा चेहरा संदीपसारखा असणार. संदीप अर्धा उठला होता. तो माणूस कोपऱ्यातल्या माठापाशी गेला, पाणी प्यायला आणि परत येऊन बसला. कुणीतरी परका होता. तिसऱ्यांदा पुकारा झाला. कोर्टातले लिहिणारे, टंकणारे, दुसऱ्या केसमधले लोक, सगळे दाराकडे बघत होते.

मामांनी दाराकडे पाहून वाट बघितली, शनिवारी बघायचे तशी. मग वळले. "आता लिवा बाईसाहेब," म्हणाले. "काय बी समजलं नाय."

निकाल पुढे आमच्या बाजूनं लागला, सह्या झाल्या, घर झालं, आणि मामा त्या घरात जेमतेम एक दिवाळी राहिले. पण मला मामा आठवतात ते त्या दिवशी परत येतानाचे. संदीपनं मित्राची गाडी आणली होती, तो पुढे बसून चालवत होता. मागे मधोमध मामा, एका बाजूला आत्या, एका बाजूला मी. टोलनाका मागे पडला.

"त्या पट्टेवाल्याचा गळा चांगला होता," मामा एकाएकी म्हणाले.

मी हो म्हटलं.

"तिसऱ्या टायमाला तर त्यानं जोर लावला. लांबवर गेला आसंल, नाय गं?"

कोर्टात मी दाराजवळ बसले होते. बाहेरून ट्रक जात होते आणि तो तिसरा पुकारा माझ्यापर्यंतसुद्धा धड पोचला नव्हता. "हो मामा," मी म्हटलं, "खूप लांब गेला."

ते मान हलवत राहिले. मग माझ्याकडे पाठ करून आत्यांकडे वळले. "आपल्या दिनेशचे कान लय तिखट," ते म्हणाले. "नाय गं?"

आत्यांनी तोंडावरचा पदर काढला. "लय," म्हणाल्या.